कासाने ते माउन: बोत्स्वानातला सहाशे किलोमीटरचा दिवस गाडीने की विमानाने?

पायवाट

नमस्कार मंडळी. येत्या जुलैमध्ये आम्ही दहा जण झांबियातल्या लिव्हिंग्स्टनला उतरून व्हिक्टोरिया धबधबा पाहणार आहोत. तिथून कझुंगुलाचा पूल ओलांडून बोत्स्वानातल्या कासानेला मुक्काम, चोबे उद्यान आणि मग ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशासाठी माउन, असा बेत आहे. गटात तिघे जण सत्तरीच्या आसपासचे आहेत, एक दहावीतली मुलगी आहे आणि बाकीचे आम्ही पन्नाशीतले. सगळे ठरले आहे, फक्त कासाने ते माउन या एका दिवसावर घोडे अडले आहे.

डांबरी रस्त्याने जायचे तर कासानेहून दक्षिणेला नाटापर्यंत सुमारे ३०० किलोमीटर आणि नाटाच्या तिठ्यावरून पश्चिमेला वळून माउनपर्यंत आणखी सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे अख्खा दिवस गाडीत जाणार. सहलीच्या कागदावर त्या तारखेपुढे ‘प्रवास’ एवढा एकच शब्द लिहिला आहे, त्यामुळे निम्म्या मंडळींना तो दिवस फुकट जाणार असे वाटते आणि छोट्या विमानाने जाऊन तो वाचवावा असा त्यांचा आग्रह आहे.

माझे मत वेगळे आहे. उद्यानात आपण प्राणी पाहणार आणि मुक्कामी आपली सरबराई करणारी माणसे भेटणार. त्या देशातले लोक रोज कसे राहतात, काय पिकवतात, मुले शाळेत कशी जातात, हे निदान नजरेला पडण्याची शक्यता या एकाच दिवसात आहे, आणि तोच दिवस वगळून आलो तर आपण बोत्स्वाना पाहिला असे कोणत्या तोंडाने म्हणावे? तरीही ज्येष्ठांना हा प्रवास झेपेल का, वाटेत थांबण्यासारखे काय आहे आणि गटाने जाताना कोणती पथ्ये पाळावीत, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

फ्रान्सिसटाउनकर

मी बरीच वर्षे फ्रान्सिसटाउनला राहतो आणि कामानिमित्त या दोन्ही रस्त्यांवर माझे जाणे-येणे असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी उजेडाचा हिशेब करा. जुलै म्हणजे तिथला हिवाळा. पावणेसातच्या सुमारास उजाडते आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हातात अकरा तास असतात. जेवण, पेट्रोल आणि पाय मोकळे करण्याचे थांबे धरून सहाशे किलोमीटरला आठ-नऊ तास सहज लागतात. याचा अर्थ प्रवास बसतो, पण सकाळी न्याहारीवर दीड तास घालवलात तर शेवटचा टप्पा अंधारात येतो, आणि अंधारात या रस्त्यांवर गाडी चालवू नये हे पथ्य आम्ही इथे राहणारेही कसोशीने पाळतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुरे मोकळी चरतात. रात्री थंडी पडली की दिवसभर तापलेल्या डांबराच्या उबेला गुरे आणि गाढवे येऊन उभी राहतात, आणि गाढव तर हॉर्न वाजवला तरी जागचे हलत नाही. कासाने-नाटा टप्प्यावर याच्या जोडीला हत्ती असतात. काळोखात करड्या रंगाचा हत्ती दिव्यांच्या झोतात येईपर्यंत दिसतच नाही.

आता रस्त्याविषयी. कासाने सोडल्यावर बराच वेळ राखीव जंगल लागते आणि डाव्या हाताला झिम्बाब्वेची सरहद्द फार लांब नसते. चोबे आणि पलीकडचे ह्वांगे उद्यान यांच्यामध्ये प्राण्यांची ये-जा चालू असते, त्यामुळे या रस्त्यावर तिकीट न काढता हत्ती दिसतात. कळप रस्ता ओलांडत असेल तर लांबच थांबावे, हॉर्न वाजवू नये आणि शेवटचे पिल्लू पलीकडे जाऊन मागची हत्तीण गेली याची खात्री झाल्यावरच निघावे. सुमारे शंभर किलोमीटरवर पांडामाटेंगा येते आणि जंगल संपून एकदम क्षितिजापर्यंत शेती दिसू लागते. पुढे ङ्वाशा येथे पशुवैद्यकीय कुंपणाचे फाटक आहे. तिथे सगळ्यांना खाली उतरवतात, सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटावर बूट बुडवायला लावतात, गाडीची चाकेही तशाच पाण्यातून नेतात आणि कच्चे मांस आहे का ते तपासतात. कधी कधी सामानातले दुसरे बूटही बाहेर काढायला सांगतात, तेव्हा ते बॅगेत वरच ठेवा म्हणजे मागच्यांचा खोळंबा होत नाही.

नाटा हे तिठ्याचे गाव आहे. पेट्रोल, स्वच्छतागृह आणि जेवण या तिन्हींसाठी तिथे थांबावेच. तिथून माउनकडे वळल्यावर पाणंदींसारख्या वाटा मोठ्या रस्त्याला येऊन मिळताना दिसतात, मोकोला ताडांची झाडी लागते आणि सुमारे शंभर किलोमीटरवर ग्वेटा येते. त्यापुढे उत्तरेला न्क्साई पॅन आणि दक्षिणेला मकगाडिकगाडी अशी दोन राष्ट्रीय उद्याने असून रस्ता त्यांच्या मधून जातो. मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, पण गाव आले की ती ८० किंवा ६० होते आणि नेमके तिथेच वेग मोजणारे पोलीस बसलेले असतात.

चाफा

माहिती उत्तम आहे, तरी मी स्पष्टपणे विमानाच्या बाजूने मत देते. सत्तरीच्या माणसाला नऊ तास बसवून न्यायचे, तेही पहाटे थंडीत उठवून, हे मला पटत नाही. एकाचा गुडघा आखडला की दहाही जणांचा पुढचा दिवस बिघडतो. मात्र विमान छोटे असल्यामुळे सामानाची मर्यादा कडक असते. साधारण वीस किलोपर्यंत आणि तेही कडक पेटीऐवजी मऊ पिशवीत, असा बहुतेक ठिकाणी नियम असतो. तो आधी विचारून घ्यावा.

रानभूल

नकाशावर कासानेहून चोबे उद्यानाच्या आतून सावुतीमार्गे माउनला जाणारी वाट दिसते आणि ती पुष्कळ जवळची आहे. त्या वाटेने गेलात तर प्राणीही दिसतील आणि अंतरही वाचेल. कोणी गेले आहे का?

फ्रान्सिसटाउनकर

@रानभूल, अंतर कमी आहे हे खरे, पण ती वाळूची वाट आहे. काही ठिकाणी चाके निम्मी रुततील इतकी खोल वाळू आहे. चारही चाकांना जोर देणारी उंच गाडी, वाळूत चालवण्याचा सराव आणि सावुतीला किमान एक मुक्काम एवढे हाताशी असेल तरच त्या वाटेला जावे, कारण मध्ये पेट्रोल कुठेही मिळत नाही. दहा जणांच्या व्हॅनसाठी ती वाट विचारातच घेऊ नका.

मालदांडी

पांडामाटेंगाला कसली शेती आहे? शेतकरी आहे म्हणून विचारतो.

फ्रान्सिसटाउनकर

@मालदांडी, तुमचे टोपणनाव वाचून आनंद झाला, कारण उत्तर ज्वारी असेच आहे. पांडामाटेंगाची जमीन काळी, चिकण आणि पाणी धरून ठेवणारी आहे. बोत्स्वानाचा बहुतेक भाग कलहारीच्या वाळूने व्यापलेला असल्यामुळे अशी जमीन इथे दुर्मीळ आहे. मोठमोठ्या यांत्रिक शेतांवर ज्वारी, सूर्यफूल आणि कडधान्ये घेतली जातात. ज्वारी हे इथल्या घराघरातले जुने धान्य. तिचे पीठ आंबवून जी पेज करतात तिला टिंग म्हणतात आणि ती चवीला आपल्या आंबिलीच्या अगदी जवळची आहे. जुलैपर्यंत पीक निघालेले असेल तरी धसकटे पाहून तुम्ही जमीन ओळखाल.

पशुवैद्य_सातारा

फाटकाचा उल्लेख आला आहे म्हणून त्यामागचे कारण सांगतो. ते माहीत नसले की प्रवासी तिथे उगाच चिडचिड करतात.

हे सगळे लाळ्या खुरकतीसाठी आहे. आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडच्या या पट्ट्यात रानरेड्यांच्या अंगात त्या रोगाचा विषाणू वर्षानुवर्षे राहतो. रेड्याला त्याचा त्रास होत नाही, पण त्याच्यापासून गुरांना लागण होऊ शकते. बोत्स्वाना युरोपीय महासंघाला गोमांस निर्यात करतो आणि रोगमुक्त प्रदेशातले मांसच तिथे स्वीकारले जाते. म्हणून देशाचे कुंपणांनी विभाग पाडले आहेत आणि एका विभागातून दुसऱ्यात कच्चे मांस व जनावरे नेण्यावर बंधन आहे. बुटाच्या तळव्याला लागलेल्या शेणामातीतूनही विषाणू पुढे जातो, त्यामुळे ते भिजलेले गोणपाट म्हणजे केवळ देखावा समजू नये.

१९९५ मध्ये ङ्गामीलँडमध्ये, म्हणजे माउन ज्या जिल्ह्यात आहे तिथे, गुरांमध्ये संसर्गजन्य फुफ्फुसदाह शिरला. तो आवरेना, तेव्हा १९९६ मध्ये सरकारने त्या जिल्ह्यातली सगळी, सुमारे ३,२०,००० गुरे मारून टाकली. नुकसानभरपाई दिली गेली आणि रोगाचे उच्चाटनही झाले. पण ज्या समाजात लग्नाचा देज गुरांमध्ये ठरतो, माणसाची पत गोठ्यावरून मोजली जाते आणि म्हातारपणाची तरतूदही गोठ्यातच असते, त्या समाजातल्या एका संपूर्ण जिल्ह्याचे गोठे काही महिन्यांत रिकामे झाले, याचा विचार करून पाहा. आज त्या रस्त्यावर जी गुरे गाडीपुढे आडवी येतील, ती त्यानंतर पुन्हा उभ्या केलेल्या गोधनातली आहेत.

माळढोक

पशुवैद्य महोदयांचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, परंतु कुंपणांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५८ मध्ये कुके येथे उभारलेल्या कुंपणामुळे आणि त्यानंतरच्या कुंपणांमुळे पाण्याच्या शोधात निघणाऱ्या प्राण्यांच्या वाटा बंद झाल्या. १९८० च्या दशकातल्या दुष्काळात हजारो विल्डबीस्ट पाण्यावाचून मेले, आणि त्यांचे उत्तरेकडचे मार्ग कुंपणांनी अडवले होते हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

त्याच वेळी एक दिलासा देणारी गोष्टही याच परिसरात घडली आहे. ओकावांगोकडून मकगाडिकगाडीच्या गवताळ प्रदेशाकडे जाणाऱ्या झेब्र्यांची वाट १९६८ ते २००४ या काळात कुंपणाने बंद होती. झेब्र्याचे आयुष्य लक्षात घेतले तर ती वाट चाललेला एकही प्राणी कळपात उरला असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. तरीही कुंपण काढल्यावर काही वर्षांतच झेब्रे पुन्हा त्या दिशेने जाताना संशोधकांना आढळले. पायवाट, तुम्ही नाटा-माउन रस्त्याने जाल तेव्हा याच भूप्रदेशातून जाल. गळ्यात यंत्र बांधून झेब्र्यांचा हा प्रवास मोजला गेला आहे. तो वाचून जा, म्हणजे दोन्ही बाजूंचे ‘रिकामे’ गवत रिकामे वाटणार नाही.

आणखी एक विनंती. ग्वेटाच्या पुढे उघड्या गवतात कोरी बस्टर्ड दिसतो का ते पाहा. तो बोत्स्वानाचा राष्ट्रीय पक्षी आहे आणि आपल्या माळढोकाचा अगदी जवळचा, एकाच प्रजातीगटातला नातलग आहे. नान्नजला माळढोकासाठी आम्ही दिवसचे दिवस बसतो आणि हाती काही लागत नाही. तिथे रस्त्यावरून जाताना त्याचा नातलग सावकाश पावले टाकत चाललेला दिसला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले.

पशुवैद्य_सातारा

@माळढोक, तुमचा मुद्दा मान्य आहे. मी केवळ एवढेच म्हणेन की कुंपण नको असे म्हणताना गुरे पाळणाऱ्याचे काय, याचे उत्तर द्यावे लागते. १८९६-९७ च्या बुळकांडीने आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडच्या या प्रदेशांमधली बहुतांश गुरे मेली होती आणि ती आठवण तिथल्या शेतकरी कुटुंबांमध्ये अजून पुसलेली नाही.

खडीवाट

नामिबियातही हेच आहे. तिथल्या कुंपणाला ‘रेड लाइन’ म्हणतात आणि त्याची मुळे बुळकांडीच्या त्याच साथीत, जर्मन वसाहतीच्या काळात आहेत. उत्तरेकडच्या सामाईक कुरणांवर गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याला आजही आपले जनावर दक्षिणेच्या बाजारात सहज नेता येत नाही. प्रवाशाला ते फाटक दोन मिनिटांचे असते, पण त्याच्या दोन्ही बाजूंना भाव वेगळे असतात.

मूळ प्रश्नाबाबत सांगायचे तर तुमचा सगळा रस्ता डांबरी आहे, हा फार मोठा फायदा आहे. नामिबियातल्या खडीच्या रस्त्यांवर गाड्या उलटण्याचे अपघात बाहेरून आलेल्या चालकांच्या बाबतीत वारंवार होतात. कारण रस्ता सरळ आणि मोकळा दिसतो, वेग नकळत वाढतो आणि वळणावर चाके खडीवरून घसरतात. डांबरी रस्त्यावर ती भीती नाही, पण सरळ रस्त्याची गुंगी तिथेही येते. दहा जणांच्या गटात एक जण कायम चालकाशेजारी जागा राहील आणि बोलत राहील, अशी पाळी लावून घ्यावी.

अबोली

ज्या विषयावर कोणी लिहीत नाही त्यावर मी लिहिते. अशा प्रवासात बायकांची आणि वयस्कर पुरुषांची खरी चिंता स्वच्छतागृहाची असते आणि त्यापायी पुष्कळ जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग दुपारी डोके धरते. रस्त्याच्या कडेला झाडाखाली सिमेंटचे टेबल आणि बाके असलेले थांबे लागतात, पण तिथे बहुधा आडोसा नसतो. कासाने-नाटा टप्प्यात झुडपांमध्ये अजिबात जाऊ नये, कारण ते खरोखरचे जंगल आहे. पेट्रोल पंप येईल तिथे गरज असो वा नसो उतरायचे, हा नियम गटाने आधीच करून टाकावा. आमच्या गटात एका मावशींनी हा नियम पहिल्याच दिवशी मोठ्याने जाहीर केला आणि त्यामुळे कोणालाच संकोच उरला नाही. पायवाट, तुमच्याकडच्या ज्येष्ठांशी हे मोकळेपणाने बोला. विमानाचा आग्रह धरण्यामागे कदाचित हीच चिंता असेल.

लुसाकावासी

झांबियाच्या बाजूने थोडे लिहितो. कझुंगुलाचा पूल १० मे २०२१ रोजी सुरू झाला. त्याची लांबी ९२३ मीटर आहे आणि तो सरळ न जाता वळसा घेतो, कारण सरळ नेला असता तर झिम्बाब्वेच्या हद्दीत गेला असता. पूल होण्यापूर्वी तराफ्यावरून एकेक मालमोटार पलीकडे नेत असत आणि मालमोटारींना कित्येक दिवस रांगेत काढावे लागत. चालक तिथेच गाडीखाली चूल मांडून राहत. आता दोन्ही देशांचे सोपस्कार एकाच इमारतीत होतात. गाडी भाड्याची असेल तर सीमा ओलांडण्याचे परवानगीपत्र गाडीमालकाकडून आधीच घ्या.

लिव्हिंग्स्टनच्या आसपास वेळ मिळाला तर चोमाच्या दिशेने रस्त्याकडेचा बाजारही पाहा. कोळशाची पोती, टोमॅटोचे रचलेले ढीग, रताळी, मध असे जे घरी पिकते ते रस्त्यावर मांडलेले असते. टोमॅटो विकणाऱ्या बाईकडे तराजू नसतो. ती एक ढीग उचलून पिशवीत टाकते आणि वर एक-दोन जास्तीचे घालते. ते वरचे टोमॅटो मागू नका, ती आपणहून देते.

एक सुरक्षिततेची खूण सर्वांनी लक्षात ठेवावी. रस्त्यावर ठरावीक अंतराने झाडाच्या हिरव्या फांद्या टाकलेल्या दिसल्या तर पुढे गाडी बंद पडून उभी आहे असे समजावे आणि लगेच वेग कमी करावा. हे मालमोटार चालकांचे आपसांतले जुने संकेत आहेत आणि त्यांनी अनेकांचे प्राण वाचवले आहेत.

संथ

सर्व प्रतिसाद वाचले. मला मात्र मूळ मताशीच थोडा वाद घालायचा आहे.

पायवाट यांनी लिहिले आहे की लोक कसे राहतात हे या दिवशी दिसेल. ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्या व्हॅनच्या काचेतून काय दिसणार? गोल कुडाची घरे, त्यांच्याभोवती झाडून स्वच्छ केलेले अंगण, गणवेशातली मुले, गाढवाच्या गाडीवर पाण्याची पिंपे. हे सगळे मागे पळत जाते आणि आपण ‘साधी माणसे, किती सुखी’ असे काहीतरी बोलून मोकळे होतो. त्या बाईला पाणी किती लांबून आणावे लागते, तिचा मुलगा कोणत्या शहरात कामाला आहे, यातले काहीच आपल्याला कळत नाही. त्सवाना कुटुंबाची परंपरेने तीन ठिकाणे असतात. गावात घर, काही अंतरावर पावसाळ्यात राहून करायची शेती आणि त्याहून लांब गुरांचा वाडा. म्हणजे आपण ज्याला ओसाड समजतो त्या पट्ट्यात कोणाचा तरी वाडा असतो आणि त्याचा धनी नातेवाइकांना भेटायला गावी गेलेला असतो. खिडकीतून हे समजत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की विमान आणि एका दिवसाची धावपळ दोन्ही सोडून द्या आणि ग्वेटाला एक रात्र काढा. सकाळी कासानेहून निघून चारशे किलोमीटर, दुपारी तीनपर्यंत ग्वेटा. तिथे प्रचंड गोरखचिंचेची झाडे आहेत आणि गावातून चालत फिरता येते. दुसऱ्या दिवशी उरलेले दोनशे किलोमीटर म्हणजे अडीच-तीन तास. ज्येष्ठांनाही ते जड जाणार नाही.

गावात गेल्यावर आधी थांबून नमस्कार करा. बाईला ‘डुमेला म्मा’, पुरुषाला ‘डुमेला र्रा’, मग तब्येत कशी आहे हे विचारणे, ते विचारतील त्याचे उत्तर देणे आणि मगच आपला प्रश्न. दुकानदारालाही आधी हेच म्हणावे. नमस्काराआधी किंमत विचारणे तिथे उद्धटपणाचे समजतात. फोटो तर विचारल्याशिवाय काढूच नये, विशेषतः मुलांचे.

चाफा

@संथ, ग्वेटाची सूचना मला आवडली आणि ती मान्य झाली तर मी विमानाचा आग्रह सोडेन. पण एक दुपार गावातून फिरल्याने तुम्हाला तरी तिथले आयुष्य कितपत कळणार? तेही बाहेरचे पाहणेच झाले.

संथ

@चाफा, कळणार नाही, हे अगदी खरे आहे. पण ज्याच्याशी आपण दहा मिनिटे बोललो त्याच्याविषयी घरी आल्यावर काहीही ठोकून देताना जीभ अडखळते. मला एवढाच फरक हवा आहे.

गुळपोळी

शाकाहारी मंडळी आहेत का गटात? असल्यास नियोजन करा. कासानेच्या सुपरमार्केटमध्ये पाव, दही, फळे, सॅलड आणि टोमॅटोच्या रश्श्यातल्या घेवड्याचे डबे मिळतात. चाकालाका नावाची तिखट भाजी डब्यात मिळते, ती पावाबरोबर छान लागते. मक्याच्या पिठाचा घट्ट पाप आणि मोरोगो ही पालेभाजी अनेक ठिकाणी असते, मात्र ती मांसाच्या रश्श्यात शिजवलेली नाही ना, हे विचारून घ्यावे. सकाळी बसथांब्यांवर बायका माग्विन्या विकतात. तो आंबवलेल्या पिठाचा तळलेला गोळा असतो, गरम असेल तर दोन खाल्ल्यावर दुपारपर्यंत भूक लागत नाही. चोप्पीज ही जी दुकाने सर्वत्र दिसतात, त्यांची सुरुवात १९८६ मध्ये बोत्स्वानातल्या लोबात्से गावी झाली आणि तांदूळ, डाळी तिथे बहुधा मिळतात.

मिश्राहारींसाठी एक अनुभव: रस्त्यावर बायका वाळवलेल्या मोपाने अळ्या मापाने विकतात. मोपाने झाडाचे पान फुलपाखराच्या दोन पंखांसारखे असते आणि ही अळी त्याच पानांवर वाढते. गोळा करणाऱ्या बायका ती हाताने पिळून आतले रिकामे करतात, मिठाच्या पाण्यात उकळतात आणि उन्हात वाळवतात. पावसाळ्यातल्या हंगामात त्यावर अनेक घरांची शाळेची फी निघते. नाक मुरडू नका, कोणी चाखायला दिली आणि खायची नसेल तर हात जोडून नम्रपणे नाही म्हणा.

मालदांडी

टिंग कुठे मिळेल? सहलीला जात नाही, पण आईला कृती हवी आहे.

फ्रान्सिसटाउनकर

@मालदांडी, कृती सोपी आहे. ज्वारीचे जाडसर पीठ कोमट पाण्यात कालवून उबदार जागी एक-दोन दिवस झाकून ठेवायचे, आंबट वास आला की उकळत्या पाण्यात घालून घट्ट होईपर्यंत घोटायचे. आधीच्या आंबवणातले थोडे राखून ठेवले तर पुढच्या वेळी लवकर आंबते. मीठ किंवा ताक घालत नाहीत. आईंना माझा नमस्कार सांगा.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे जण घरी जमलो होतो, तेव्हा हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. अबोलीताई, तुमचा अंदाज अचूक होता. विमानाचा आग्रह धरणाऱ्या आमच्या मावशींची अडचण तीच होती आणि तुमचा प्रतिसाद ऐकल्यावर त्यांनी ती स्वतःच बोलून दाखवली.

आता असे ठरले आहे. गाडीनेच जायचे, पण माउनमधली एक रात्र कमी करून ग्वेटाला मुक्काम करायचा. उजाडताच निघायचे, न्याहारी डब्यात बरोबर घ्यायची. दर पंपावर सर्वांनी उतरायचे. चालक तिथलाच घ्यायचा आणि त्याच्याशेजारी बसण्याची पाळी लावायची. संथ यांचे म्हणणे मला पटले. लोकांचे आयुष्य दिसेल असे मी लिहिले होते, त्याऐवजी निदान कोणाशी तरी नीट बोलणे होईल एवढीच अपेक्षा ठेवून निघणार आहोत. आमची दहावीतली मुलगी नमस्कार आणि विचारपूस पाठ करते आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. ग्वेटाहून दुसऱ्या दिवशी थॉमस बेन्सने १८६२ मध्ये ज्यांचे चित्र काढले ती गोरखचिंचेची झाडे पाहून माउनला जाता येईल का? आणि माउनकडे जाताना पुन्हा कुंपणाचे फाटक लागते का?

फ्रान्सिसटाउनकर

उत्तम निर्णय. बेन्सची झाडे न्क्साई पॅन उद्यानाच्या आत आहेत आणि मुख्य रस्ता सोडल्यावर वाळूची वाट आहे, त्यामुळे तुमच्या व्हॅनने जमणार नाही. ग्वेटाहून उंच गाडी आणि वाटाड्या घेऊन अर्ध्या दिवसात ती पाहून येता येतात, पण मग माउनला पोहोचायला संध्याकाळ होईल. ज्येष्ठांना वाळूतले हादरे सोसणार नाहीत, म्हणून तिघे-चौघे जाऊन बाकीच्यांनी ग्वेटातच थांबावे हे बरे.

फाटक आहे. मोतोपीच्या पुढे माकालामाबेदीला पुन्हा बूट बुडवावे लागतील. त्याच्या अलीकडे बोतेती नदीचा परिसर लागतो. ही नदी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बरीच वर्षे कोरडी होती आणि नंतर ओकावांगोच्या पुराचे पाणी पुन्हा तिच्यात आले. अंगोलात पडलेला पाऊस ओकावांगोतून सावकाश उतरत माउनला ऐन कोरड्या ऋतूत, जून-जुलैच्या सुमारास पोहोचतो, त्यामुळे पूर चांगला असेल तर आभाळात ढग नसताना नदी भरलेली दिसेल. पात्राच्या काठी गुरे पाण्यावर आणणारे गुराखी भेटतात. चालकाला आधी सांगून ठेवलेत तर तो तिथे थांबेल आणि बोलायला दुभाषाही होईल. सुट्टे पुला (इथले चलन) जवळ ठेवा, ताडाच्या पानांच्या टोपल्या विकणाऱ्या बायकांकडे कार्ड चालेलच असे नाही.

अबोली

पायवाट, मावशींना सांगा की माकालामाबेदीच्या फाटकाशी पोहोचण्यापूर्वी पायांत सहज काढता येतील असेच बूट घालावेत, वाकून नाड्या सोडत बसावे लागत नाही.